खेचरांची वाट

ऑनोरेबाबाच्या डाव्या पायावरची जखम अडीच वर्षं झाली तरी भरत नव्हती. त्यासाठी एस्तेर रोज सकाळी आठच्या सुमारास त्याच्याकडे जायची. व्हालोर्ग गावातली ती एकटीच नर्स. छोट्या पांढऱ्या गाडीतून आसपासच्या डोंगरांवरच्या अकरा घरांत फिरायची, कुणाला इन्सुलिन टोच, कुणाचे टाके पुसून दे. ऑनोरेबाबाचं घर सगळ्यात वरचं, म्हणून तिथून सुरुवात करून ती उतरत उतरत गावात यायची. हे ती लोकांना सांगायची ते कारण. खरं म्हणजे म्हाताऱ्याची कॉफी चांगली असायची आणि तो फार बोलायचा नाही.

वय चौऱ्याहत्तर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. नऊ शेळ्या, आणि उतारावर दगडी ताली रचून उभी केलेली चेस्टनटची बाग. काही झाडं तीन-तीनशे वर्षांची, चौघांनी हात धरले तरी कवेत न येणारी. या बागेतून एक जुनी वाट जायची. पूर्वी खेचरांच्या पाठीवर वाइनचे बुधले लादून लोक नदीकाठून वर पठारावर नेत, ती वाट. उभे दगड ठोकून बांधलेली, पावसाचं पाणी बाहेर काढायला मध्ये तिरप्या दगडी पट्ट्या, एकोणीस वळणं. चालणाऱ्याच्या गुडघ्यांना ती शिक्षा होती. पण माथ्यावरून सायकल सोडली की नदी येईपर्यंत नऊ मिनिटं माणूस जमिनीवर नसायचा.

हे एस्तेरला ठाऊक होतं, कारण अख्ख्या गावात तिला एकटीलाच त्या वाटेवर सायकल घालायची परवानगी होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या गाडीच्या मागे अडकवलेली सायकल बघून म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "चाक न घासता उतरता येतं का तुला?"

"वळणावर थोडं घासतं, बाबा."

"मग शीक. एकदा जरी दगडावर काळा ओरखडा दिसला, तर परत यायचं नाही."

ती शिकली. दर गुरुवारी दुपारनंतर तिला सुट्टी असायची. पुढचा ब्रेक एका बोटानं, मागचा जवळजवळ नाहीच, अंग आधी वळवायचं आणि सायकल मागून आणायची. वर्षभर तिनं तेच केलं. म्हातारा नंतर काठी टेकत वाट बघत जायचा आणि ओरखडा शोधायचा. मग ओरखडे सापडेनासे झाले, आणि एक दिवस तो म्हणाला, "खेचरं सुद्धा एवढी हलकी उतरत नव्हती." एस्तेरला आयुष्यात कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. नवऱ्यानंही नाही.

नवरा फेरेओल. गावात सायकली भाड्यानं द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान त्याचंच, आणि 'रानडुकरं' या सायकल क्लबचा अध्यक्षही तोच. उंच, हसरा, भर बाजारात प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत फिरणारा. त्याला एक मोठी शर्यत भरवायची होती. तीनशे स्पर्धक, पठारापासून नदीपर्यंत. सगळी आखणी झाली होती, शेवटचा उतार तेवढा राहिला होता, आणि तो उतार ऑनोरेबाबाच्या बागेत होता.

ऑगस्टमध्ये ग्रामकचेरीत सभा भरली. सरपंच मादाम रोश मध्ये बसल्या होत्या, गावातली पन्नास-साठ माणसं होती. ऑनोरेबाबा दाराजवळच्या खुर्चीवर पाय लांब करून बसला होता.

"तुमची वाट आम्ही उचलून नेणार आहोत का?" फेरेओल म्हणाला. "वर्षातून एक दिवस मागतोय."

"एक दिवस तीनशे सायकली ब्रेक दाबत उतरणार. दगड हलणार, पाण्याच्या पट्ट्या उखडणार. मग ऑक्टोबरात पाऊस कोसळेल आणि माझ्या ताली नदीत जातील. त्या परत कोण रचणार? तू? तुला दगड धरता तरी येतो का रे?"

लोक हसले. फेरेओलही हसला. "बाबा, दगडांपेक्षा गावात माणसं टिकली पाहिजेत. शाळेत अकरा मुलं उरलीयत. गाव मरतंय."

"मग मुलं काढा की! सायकली कशाला काढताय?"

या वेळी सगळी सभा खो-खो हसली, मादाम रोशसुद्धा. एस्तेर आणि फेरेओलला मूल नव्हतं, दोनदा होता होता राहिलं होतं, हे म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. आलं ते बोलून झाल्यावर. तो एस्तेरकडे बघून एकदम गप्प झाला. पण फेरेओलचे कान लाल झाले होते, आणि ते लाल कान एस्तेरखेरीज कुणी पाहिले नाहीत.

"तुझ्या त्या म्हाताऱ्यानं आज मला गावासमोर नागडं केलं," घरी येता येता तो म्हणाला. "आणि तू त्याचे पाय धू रोज."

"त्याच्या मनात तसं नव्हतं."

"तुला वाट देतो ना तो. मला देत नाही. बायकोला देतो, नवऱ्याला नाही. लोक काय काय बोलतात, ऐकायचंय?"

तो तसा बोलायला लागला की ती गप्प बसायची. गप्प बसलं की संपायचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी फेरेओलनं क्लबातल्या सगळ्यांना माथ्यावर बोलावलं. चेस्टनट गळायला अजून पंधरा दिवस होते. चौदा सायकली जमल्या. तो म्हणाला, "ही वाट शंभर वर्षं सगळ्यांची होती. आज आपण सगळे मिळून उतरायचं. बघू म्हातारा काय करतो. काठी उगारेल फार तर."

एस्तेरला जायचं नव्हतं. पण मागे राहिली असती तर ते सगळ्यांना दिसलं असतं. ती सर्वात शेवटी निघाली.

पुढे फेरेओल, त्याच्या मागे अपोलीन. अपोलीन गावची बेकरीवाली. सव्वीस वर्षांची, दंड चांगले भरलेले, हसली की पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल अशी. पहाटे तीनला उठून पाव मळायची आणि नऊ वाजता सायकलवर असायची. सातव्या वळणाशी झरा आहे, तिथं वाट थोडी रुंद होते. तिथं तिनं आतल्या बाजूनं सायकल घातली, "अध्यक्षमहाराज, सरका!" म्हणून ओरडली आणि फेरेओलच्या पुढे गेली.

ती वाट अशी आहे की वरच्या वळणावरून खालची तीन वळणं तळहातावरच्या रेषांसारखी दिसतात. एस्तेर वर होती. तिनं पाहिलं, नवव्या वळणाच्या अलीकडे, जिथं कुणीच थांबत नाही, जिथं थांबायचं काही कारणच नाही, तिथं फेरेओलनं दोन्ही ब्रेक दाबले आणि एक पाय जमिनीला टेकला. अपोलीन पुढे सुसाट चालली होती. त्यानं तोंड उघडलं. आवाज मात्र काढला नाही.

टायर फुटल्याचा आवाज आला, मग दगड गडगडल्याचा. ओरडल्याचा आलाच नाही.

एस्तेर सगळ्यांना मागे टाकून खाली पोचली. अपोलीन दोन पुरुष उंचीच्या तालीवरून खाली पडली होती, उजव्या खांद्यावर, एका जुन्या बुंध्यावर. मान डावीकडे ओढली गेली होती. शुद्धीवर होती.

"माझा हात कुठाय?" तिनं विचारलं.

"इथंच आहे. माझं बोट धर. घट्ट."

"धरलंय ना!"

एस्तेरनं खाली पाहिलं. अपोलीनची बोटं तिच्या तळहातात मेलेल्या मासळीसारखी पडली होती. खांद्यात हाताच्या नसा मुळापासून तुटल्या की काय होतं ते तिनं शिकताना पुस्तकात वाचलं होतं.

वर कुणीतरी पानं बाजूला करून फळी ओढून काढली. चेस्टनटची हातभर लांब फळी, आणि खालून वर ठोकलेले अकरा खिळे. लांब, चौकोनी डोक्याचे, हातानं घडवलेले.

"हे तर नालबंदाचे खिळे," कुणीतरी म्हणालं.

ऑनोरेबाबाचा बाप खेचरांना नाल ठोकायचा. त्याच्या गोठ्यात असल्या खिळ्यांचे डबेच्या डबे होते, आणि लहानपणी तिथं जाऊन ते न पाहिलेला माणूस गावात नव्हता. दुसऱ्या कुणाकडे असले खिळे असायचं कारण नव्हतं.

आरडाओरडा ऐकून म्हातारा काठी टेकत आला. त्याला पाहताच चार जण अंगावर धावले. कुणी थेरडा म्हणालं, कुणी खुनी म्हणालं. त्यानं फळी हातात घेतली, एका खिळ्यावर अंगठा फिरवला. मग मान वर करून एस्तेरच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मी नाही केलं," तो म्हणाला. पुढे काही नाही.

हेलिकॉप्टर आलं, अपोलीनला घेऊन गेलं. एस्तेर घरी आली, अंगावर मातीचे कपडे तसेच, आणि सरळ गॅरेजमध्ये गेली. उन्हाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्याचं दार निसटत होतं. ऑनोरेबाबा म्हणाला होता, "बाजारातला खिळा या लाकडात टिकत नाही. घे, हे घेऊन जा." त्यानं कॉफीचा एक डबा भरून खिळे दिले होते. तिनं चारच वापरले होते. फडताळावर डबा होता. तिनं तो घेऊन हलवला तर तळाशी थोडेसेच खुळखुळले.

फेरेओल दारात उभा होता.

"टायर फुटणार होतं," तो म्हणाला. "माझं. मी पुढे असणार होतो. सगळ्यांसमोर मी फळी काढून दाखवणार होतो, एवढंच. ती मध्ये घुसली. तू पाहिलंस ना, तीच घुसली."

"तू थांबलास. तिला ओरडला नाहीस."

"ओरडलो असतो तर काय म्हणालो असतो? मग सगळ्यांनी विचारलं असतं, तुला कसं ठाऊक?"

एस्तेर खाली बसली. डबा मांडीवर.

"हे बघ," तो तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज अगदी मऊ. "तू जाऊन सांग. मी तुरुंगात जाईन, दुकान जाईल, हे घर जाईल. तुझ्याकडून कोण इंजेक्शन घेईल या गावात? आणि तिचा हात काही परत येणार नाही. येणार असेल तर सांग, आत्ता जातो पोलिसांकडे. येणार आहे का? तू नर्स आहेस."

"नाही येणार."

"मग?"

त्यानं तिच्या मांडीवरचा डबा हलकेच उचलला. नंतर तो डबा कुठे गेला ते तिनं विचारलं नाही.

पोलिसांनी फळी नेली, खिळे जुळवले, म्हाताऱ्याला तीनदा खालच्या शहरात बोलावलं. पण कुणी काही पाहिलेलं नव्हतं, आणि तो "मी नाही केलं" यापुढे एक शब्द बोलत नव्हता. अखेर पुरावा नाही म्हणून प्रकरण मिटवलं. त्यानं गाव जास्तच पेटलं. कायद्यानं काही केलं नाही तर आपण काय हात बांधून बसायचं, असं लोक बोलू लागले.

आधी बेकरी बंद झाली त्याच्यासाठी. अपोलीनच्या आईनं सगळ्यांदेखत सांगितलं, "या दुकानातला तुकडा त्याच्या पोटात जाणार नाही." मग चेस्टनट गोळा करायला झाडांखाली अंथरलेली जाळी कुणीतरी सायकलींनी तुडवून फाडली. शेळ्यांच्या गोठ्याचं दार उघडं सापडलं, शिकाऱ्यांचे कुत्रे आत शिरले होते. नवांतल्या पाच उरल्या. ऑनोरेबाबानं चारही मेलेल्या शेळ्या स्वतः पुरल्या, दुखऱ्या पायानं खड्डा खणून, आणि त्या आठवड्यात जखमेतून पुन्हा पाणी यायला लागलं.

एस्तेर रोज जायची. पट्टी सोडायची, धुवायची, नवी बांधायची. शेजारच्या गावातून पाव आणून टेबलावर ठेवायची. म्हातारा विचारायचा नाही, तीही सांगायची नाही.

"कशी आहे पोर?" तो एकदा म्हणाला.

"घरी आली. हात... नुसता लोंबतो."

"हं," तो म्हणाला आणि खिडकीकडे बघत राहिला.

प्रकरण मिटल्याच्या कागदांवर सही करायला पोलिसांनी नोव्हेंबरात शेवटचं बोलावलं तेव्हा एस्तेरनंच त्याला आपल्या गाडीतून नेलं. बस जाते, पण त्याला त्या बसमध्ये कुणी शेजारी बसू देत नव्हतं. चार तास ती बाहेरच्या बाकावर बसली. परत आले तेव्हा उन्हं कलली होती. म्हातारा गाडीतून उतरला, दोन पावलं चालला आणि थांबला.

घराजवळच्या सगळ्या मोठ्या झाडांची साल कापली होती. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, वीतभर रुंदीचा पट्टा, खोडाच्या भोवती पूर्ण गोल, आतलं पांढरं लाकूड दिसेपर्यंत. झाड पाडलं तर निदान मेलेलं कळतं. हे असं केलेलं झाड उभं राहतं, येत्या वसंतात पानंही फोडतं, आणि मग हळूहळू वरून वाळत येतं. दुसऱ्या दिवशी त्यानं मोजली, बावीस होती. यंत्रकरवतीचा आवाज दुपारभर खाली गावात येत होता असं नंतर कळलं. पण त्या दिवसांत सगळेच सरपण कापत असतात. कुणी केलं ते आजतागायत कुणी बोललेलं नाही, आणि तसली करवत नसलेलं घर गावात नाही.

म्हाताऱ्यानं एका खोडाला पाठ लावली आणि खाली सरकत बसला. एस्तेर त्याच्या समोर उभी. तिच्या तोंडात शब्द आले होते. तिनं ते गिळले. ती म्हणाली, "चला बाबा, गारठा आहे. पट्टी बदलू."

जानेवारीत मादाम रोश त्याच्याकडे गेल्या. बाई काही वाईट नव्हती, गाव शांत व्हावं एवढंच तिला हवं होतं. "वाटेच्या कागदावर सही करा," ती म्हणाली, "आणि एकदा अपोलीनला भेटा. क्षमा मागा. लोकांचं मन वळेल. तुम्हाला तुमचे शेवटचे दिवस सुखानं काढता येतील." त्यानं विचार करायला एक आठवडा घेतला. मग सही केली. फेरेओल तिथं हजर होता. त्यानं हात पुढे केला आणि म्हाताऱ्यानं तो हातात घेतला.

शनिवारी सकाळी तो बेकरीत आला. गर्दीची वेळ. रांगेत सात-आठ माणसं, चौथी एस्तेर. अपोलीन गल्ल्यामागे उभी होती. मळायला आता खालच्या गावातला माणूस यायचा. पाव बिघडला आहे हे सगळ्यांना कळत होतं आणि तरी सगळे तोच घेत होते. तिचा उजवा हात छातीशी फडक्यात बांधलेला होता.

म्हाताऱ्यानं टोपी काढली. "मी क्षमा मागायला आलोय."

"कशाबद्दल?"

"तुला... तुझ्या हाताबद्दल."

"असं नाही. नीट सांगा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. फळी कुणी ठेवली?"

रांगेतले सगळे वळून बघू लागले.

"मी," तो म्हणाला.

"खिळे कुणाचे?"

"माझे."

"का ठेवलीत?"

इथं तो अडला. त्यानं हे ठरवून आणलं नव्हतं. जे केलंच नाही त्याचं कारण माणूस कुठून आणणार? शेवटी तो म्हणाला, "राग आला होता."

"राग," अपोलीन म्हणाली. तिनं डाव्या हातानं गाठ सोडली, फडकं काढलं. उजवा हात निसटून खाली लोंबला आणि गल्ल्यावर आपटला. "उचला."

"काय?"

"उचला हा. हातात घ्या. वजन बघा."

त्यानं दोन्ही हातांनी तो उचलला. एखादं तान्हं मूल धरावं तसा धरला.

"जड आहे ना? मी झोपताना तो असा उचलून बाजूला ठेवते. कूस बदलली की परत उचलते. आग होते त्यात. काही कळत नाही त्याला, चिमटा घेतला तरी कळत नाही, पण आग चोवीस तास होते. धरून ठेवा. ठेवू नका अजून."

तो धरून उभा राहिला. रांगेतल्या एका बाईनं तोंड फिरवलं. एस्तेर पुढच्या माणसाच्या कोटाच्या पाठीकडे बघत होती. तपकिरी कोट होता, शिवणीजवळ एक दोरा सुटलेला. तिला वाटलं, आता मी बोलणार. आता. तो दोरा तिला अजून आठवतो.

"बस," अपोलीन म्हणाली. आईला म्हणाली, "दे त्यांना एक पाव. कालचा दे."

बाहेर आल्यावर एस्तेरनं त्याला गाडीत बसवलं. घाटातली सात वळणं गेली. आठव्या वळणावर तिनं गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगून टाकलं. डबा, फेरेओल, तो थांबला ते, गॅरेज. रडत सांगितलं. म्हातारा मांडीवरचा पाव धरून समोर बघत ऐकत होता.

"ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "मी एकच डबा दिला होता आयुष्यात."

"मग बोलला का नाहीत? पहिल्याच दिवशी सांगायचं होतंत!"

"मी तुझ्या तोंडाकडे बघितलं त्या दिवशी. तुला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, पोरीला कशाला ठाऊक व्हावं? मूलबाळ नाही, एक नवरा आहे. मी म्हातारा माणूस, माझं काय जाणार होतं?" तो थांबला. "तुला कधी कळलं?"

तिनं डोळे पुसले.

"एस्तेर. कधी कळलं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

त्यानं मान हलवली. मग बोटांवर मोजल्यासारखं, हळू हळू म्हणाला, "शेळ्या मेल्या तेव्हा ठाऊक होतं. झाडांच्या वेळी ठाऊक होतं. आज त्या रांगेत ठाऊक होतं."

"बाबा, मी आत्ता जाते. पोलिसांकडे जाते, आत्ताच्या आत्ता—"

"कशाला? आज मी गावासमोर कबूल केलंय. आता तुझं कोण ऐकणार?" त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीदा तरी वाटलं. "मला सोड इथं. मी चालत जातो."

"पाय दुखेल. अजून दोन किलोमीटर आहेत."

"आणि उद्यापासून येऊ नकोस. दुसरं कुणी पाठव. नाही पाठवलंस तरी चालेल."

तो उतरला. काठी टेकत चढ चढू लागला. ती गाडीत बसून बघत राहिली. पोलिसांकडे ती गेली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. घरी गेली तर फेरेओलनं कांदे-बटाट्यांचा रस्सा शिजवून ठेवला होता, आणि तिनं दोनदा वाढून घेतला.

खालच्या शहरातली नर्स आठवड्यातून तीनदा येऊ लागली. जखम वर गुडघ्यापर्यंत चढली. मार्चमध्ये पाय कापला, आणि तिथून त्याला सरळ वृद्धाश्रमात नेलं. पाच शेळ्या एका व्यापाऱ्यानं नेल्या. एस्तेर एकदा वृद्धाश्रमात गेली होती, फुलं घेऊन. स्वागतकक्षातल्या मुलीनं आत फोन केला आणि खाली ठेवून म्हणाली, "ते म्हणतात, मी या नावाच्या कुणाला ओळखत नाही." एप्रिलच्या शेवटी तो गेला. दफनाला सहा माणसं होती, त्यात फेरेओल होता. क्लबातर्फे त्यानं पुष्पचक्र आणलं होतं.

मेमध्ये शर्यत झाली. तीनशे बारा स्पर्धक आले. गावात गाड्या लावायला जागा उरली नाही. उद्घाटनाची घंटा वाजवायला त्यांनी अपोलीनला बोलावलं होतं; तिनं डाव्या हातानं ती वाजवली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शर्यतीआधी वाट बघून यायला एका जणाला पुढे सोडतात. फेरेओल माइकवर म्हणाला, "ही वाट माझ्या बायकोइतकी कुणालाच ठाऊक नाही," आणि एस्तेरला पुढे पाठवलं.

तिला वाटलं होतं, पहिल्याच वळणावर आपले हात आखडतील. नाही आखडले. झाडांना कोवळी पानं होती, बावीसांनाही. कापलेल्या पट्ट्याखालचं लाकूड करडं पडलं होतं, ते डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून सरसर मागे जात राहिलं. झरा आला, गेला. नववं वळण आलं. तिथं त्यांनी कठडा बांधला होता. तिनं अंग आधी वळवलं, सायकल मागून आली. एकदाही चाक घासलं नाही. एकोणिसाव्या वळणानंतर वाट सरळ होते आणि नदीचा आवाज ऐकू येतो, तिथं तिनं दोन्ही बोटं ब्रेकवरून काढून घेतली, आणि तिच्या तोंडून हसू फुटलं, मोठ्यानं, आवरता येईना असं.

खाली फेरेओल वाट बघत उभा होता. तो दुसऱ्या रस्त्यानं गाडीतून आला होता.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"मस्त आहे," ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

त्यानं माथ्यावर फोन केला, "सोडा," म्हणाला, आणि वरून तीनशे सायकली निघाल्या.